वखारीत दार उघडतं

निपाणी
४ जून १९८५

आदरणीय विद्युल्लताबाईंना गंगव्वा शिंगेचा जय भीम.

कॉलेजात होते तेव्हा मी तुम्हाला 'नमस्कार मॅडम' म्हणत होते. आता आमच्या घरात जे म्हणतात तेच लिहिलंय. राग मानू नका, आणि मानलात तरी पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

ओळख पटली का? सन १९७४, इथलं निपाणीचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष, भिंतीकडचा तिसरा बाक. तुम्ही जिला स्वतःच्या वडिलांचं पुस्तक वाचायला दिलं होतं ती मी. हिरव्या पुठ्ठ्याची, विटेएवढी जाड इंग्रजी कादंबरी, पहिल्या पानावर तुमच्या वडिलांची वळणदार सही. लायब्ररीत एकच प्रत होती आणि ती कायम कुणा तरी शहाण्याच्या घरी. तुम्ही मला थांबवून म्हणालात, "महिनाभर ठेव. पण शेवटपर्यंत वाच. शेवटासाठीच हे पुस्तक शंभर वर्षं टिकलंय."

पुढचं तुम्हाला आठवत असणारच. कॉलेजच्या चाचणीत त्या शेवटावरच प्रश्न आला. नावाड्याची पोरगी बर्फातून चालत भावाच्या दारापर्यंत येते, दार वाजवते, दार उघडत नाही, आणि सकाळी ती उंबऱ्याशी मेलेली सापडते. असा शेवट का, तो योग्य आहे का, ते लिहायचं होतं. मी लिहिलं की दार उघडतं. भावजय उघडते, तिला आत घेते, चुलीपाशी बसवते. चांगली तीन पानं लिहिली. तुम्ही ती तीनही पानं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलीत. पोरं बाकं बडवून हसली. मग तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "न वाचताच पुस्तक परत केलंस. आणि वाचलं म्हणून माझ्या तोंडावर सांगितलंस." उत्तराला शून्य.

मी पिशवी उचलली आणि गेले ती गेले. नंतर मास्तरकीचं टी.सी.एच. केलं, आता इथंच शाळेत मास्तरीण आहे, दोन लेकरांची आई आहे. म्हणजे माझं काही वाटोळं झालं नाही, काळजी नको.

मग आत्ताच का लिहितेय? एक तर निपाणीहून तुम्ही ज्या बेळगावच्या कॉलेजात गेलात तिथून निवृत्त झाल्याची बातमी पेपरात वाचली. दुसरं, राहिलेलं बी.ए. बाहेरून पुरं करायला धारवाड विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. पुस्तकांची यादी आली, बघते तर काय, पुन्हा तेच पुस्तक! अकरा वर्षांत सरकारं बदलली, तंबाखूचा भाव चढला-पडला, पण ही बया जाग्यावरनं हलली नाही.

बाई, मी ते पुस्तक वाचलं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत, दोनदा. तुम्हाला एवढं पटावं, बस. दुसरं काही मागत नाही.

गंगव्वा

*

निपाणी
१९ जून १९८५

आदरणीय बाई,

उत्तर नाही. बरं. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलंय, एवढ्यावर समाधान मानते आणि पुढचं लिहिते. कारण तुम्ही आता म्हणत असाल, वाचलं होतंस तर चुकीचं का लिहिलंस? आणि त्या दिवशी तोंड का शिवून घेतलंस?

आधी दुसऱ्याचं उत्तर देते. ते जास्त लाजेचं आहे.

माझ्या कपड्यांना तंबाखूचा वास यायचा. वर्गातल्या पोरी रुमाल लावायच्या. मी सांगून ठेवलं होतं की माझा मामा तंबाखूचा व्यापारी आहे, त्याच्याकडं राहते. बाई, मला मामाच नाही. माझी आई तानीबाई वखारीत तंबाखू निवडायला जायची, आणि सकाळचं कॉलेज सुटलं की मागल्या गल्लीनं, कुणी बघत नाही ना ते बघत, मीही तिथंच जायची. नाकातोंडाला फडकं बांधायचं, पसरलेल्या ढिगापाशी ओळीनं बसायचं, काड्या वेगळ्या, पान वेगळं. अंधार पडेस्तोवर. तंबाखूची चाळण चालू झाली की धुरळ्यानं माणसाला माणूस दिसत नाही. त्या पोरांसमोर मी उभी राहून काय सांगणार होते? खरं कारण सांगायचं तर आधी वखार सांगायला लागली असती.

आता पहिल्याचं उत्तर.

तुमचं पुस्तक मी फडक्यात गुंडाळून वखारीत नेत होते. भाकरीच्या सुट्टीत एका कोपऱ्यात वाचायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुलाबाईनं टोकलं, "एवढं काय गं हाय त्यात? एकटीच गिळतीस. आमाला बी घाल की वाईच." मी गंमत म्हणून पहिलं प्रकरण मराठीत सांगितलं. इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसेनात, म्हणून बायकांनी नावाड्याच्या पोरीचं नाव यल्लव्वा ठेवून टाकलं. भावाचं नाव ठेवलं नाही. त्याला सगळ्या 'मुडदा' म्हणायच्या.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझी सुटका नाही. रोज एक प्रकरण. ढिगापाशी बसल्या बसल्या, फडक्यातून ओरडून सांगायचं. आमचा मुकादम भरमू म्हणजे जमदग्नी. पहिल्या दिवशी 'बोलणं बंद' म्हणून खेकसला. चौथ्या दिवशी बघते तर खांबामागं उभा. विचारलं तर म्हणे, "मी माल बघतुय."

बर्फ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. गारा पडून साचल्यात आणि विरघळायचं नावच घेत नाहीत, असं सांगितलं. बाप मेल्यावर भाऊ यल्लव्वाला घराबाहेर काढतो, ती लोकर पिंजायच्या गिरणीत लागते, लोकरीचा कण छातीत जाऊन खोकला सुरू होतो, हे सांगितलं त्या दिवशी मात्र काही समजावून द्यायला लागलं नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी खोकत खोकत म्हणाली, "मागच्या जल्मी ह्यो मानूस हितं कामाला आसनार."

तुम्ही वर्गात सांगायचात, थोर पुस्तक कुठल्याही काळाचं, कुठल्याही देशाचं असतं. मी वहीत लिहून घेत होते. खरं वाटलं ते त्या म्हातारीमुळं.

आमचे हे म्हणतायत, बाईंना एवढं लांबण कशाला लावतेस. थांबते.

गंगव्वा

*

निपाणी
८ जुलै १९८५

आदरणीय बाई,

तुमचं मौन चालू दे, माझं बोलणं चालू आहे. लहानपणापासून मी अशीच. आई म्हणते, "हिची जीभ तालुक्याला पुरून उरंल."

आज शेवटाचं सांगते.

शेवटचं प्रकरण मी घरी वाचलं आणि ढसाढसा रडले. पुन्हा वाचलं, पुन्हा रडले. पुस्तक दुसऱ्या दिवशी तुम्हाला परत केलं, तुम्ही विचारलंत, "वाचलंस?" मी म्हटलं, "हो." तुम्ही विचारलंत, "शेवट?" मला बोलता येईना. तुम्हाला वाटलं असेल, वाचलाच नाही म्हणून गप्प बसली.

तिथून मी वखारीत गेले. सगळ्या टपून बसलेल्या. यल्लव्वा दाराशी उभी आहे इथपर्यंत आदल्या दिवशी सांगितलं होतं. भरमू तर खांबापुढंच येऊन बसला होता. मी सुरू केलं, "तिनं कडी वाजवली," आणि माझी नजर सुलाबाईवर गेली.

सुलाबाईच्या लेकीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न केलं होतं. सदलग्याला असायची. पोटुशी राहिल्यावर एकदा आईला भेटायला आली, तर भावानं आतून कडी घातली. सुलाबाई आत होती, बाई. दार वाजत होतं आणि ती चुलीपुढं बसून राहिली. सगळ्या वखारीला हे माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. त्या दिवशी तिच्या हातात तंबाखूचं पान तसंच राहिलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मला नाही सांगवलं. तुमच्या थोर लेखकाला सांगवलं असेल, त्याच्यासमोर सुलाबाई नव्हती. मी सांगितलं, "आणि दार उघडलं." भावजयीनं उघडलं, मुडदा घोरत पडला होता. तिला आत घेतलं, पाय शेकले, ताटात भाकरी वाढली.

बायका अशा काही रडल्या-हसल्या की विचारू नका. भरमूनं नाक शिंकरलं. सुलाबाईनं हातातलं पान ढिगात टाकलं. सुट्टी झाल्यावर घरी न जाता तशीच सदलग्याच्या गाडीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आली. लेकाला म्हणाली, "दार माझ्या नवऱ्यानं बसिवलंय, तू न्हवं." ती लेक इथंच बाळंत झाली. आता तीही आईशेजारी तंबाखू निवडते.

मग सांगा, मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की बायांनो, ते खोटं होतं? उलट रोज कुणी तरी नवी यायची आणि म्हणायची, "गंगे, ते दार उघडल्यालं सांग की." तीन महिने रोज दार उघडत होते. चाचणीला बसले, प्रश्न वाचला, आणि हातानं आपोआप वखारीतलं लिहिलं. बाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा लक्षात आलं. घंटा होऊन गेली होती.

ही अशी चूक, बाई. शहाणपणाची नाही, पण खोटेपणाचीही नाही.

गंगव्वा

*

टिळकवाडी, बेळगाव
२० जुलै १९८५

चि. गंगव्वा हिस,

तुझी तिन्ही पत्रे मिळाली. कथा हृद्य आहे. मात्र बत्तीस वर्षे अध्यापन केल्यावर हृद्य कथांवर विश्वास ठेवण्याची माझी सवय गेली आहे. पुस्तक वाचले असल्यास एकच सांग : भाऊ घराबाहेर काढील हे ओळखून नावाड्याने मरण्यापूर्वी मुलीला काय दिले? हे कोणत्याही गाईडमध्ये नाही.

विद्युल्लता हुदलीकर

*

निपाणी
२४ जुलै १९८५

बाई,

पोस्टकार्ड मिळालं. वाचून आधी आनंद झाला, मग डोकं फिरलं. अकरा वर्षांनी पत्र, आणि त्यातही परीक्षा!

नावाड्यानं काय दिलं ते मला पाठ आहे. सांगणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणणार, आत्ता कुठून तरी पुस्तक मिळवून बघितलं असेल. माझ्या शब्दावर तुमचा भरवसा नाही ना? नसू दे. मग माझ्या तोंडून ऐकूच नका. माझी आई निरक्षर आहे. सुलाबाईही निरक्षर. त्यांनी कुठलं गाईड वाचलेलं नाही, अंगठा उठवतात. त्यांना विचारा. बेळगावहून निपाणी काही काशी नाही, स्टँडवर उतरून कुणालाही तानीबाईची वखार म्हणा. मालक वेगळा आहे, पण सांगतील.

आणि तुम्ही म्हणायचात ना, लेखकाला दार बंद ठेवायचं धाडस झालं म्हणून पुस्तक शंभर वर्षं टिकलं? माझं म्हणणं वेगळं आहे. ते टिकलं कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला उठून ते दार उघडावंसं वाटतं. घाला शून्य.

जास्त बोलले असेन. बोललेच. पण पत्र फाडत नाही, टाकते.

गंगव्वा

*

निपाणी
११ ऑगस्ट १९८५

माझ्या बाई,

तुम्ही आलात आणि मी नव्हते! शाळेच्या कामासाठी नेमका त्याच दिवशी चिकोडीला हेलपाटा पडला. संध्याकाळी स्टँडवर उतरते तर भरमू समोर. आता त्याचे सगळे केस पिकलेत. म्हणाला, "गंगव्वा, बेळगावची बाई आलती गं तुजी. दुपारभर वखारीत बसली हुती."

रागाच्या भरात तुम्हाला या म्हटलं, पण वखारीत खरा शेवट बोलू नका, हे लिहायचंच राहून गेलं होतं. तुम्ही कशा आहात मला माहीत. चुकीचं वाक्य फळ्यावर क्षणभर राहू देत नव्हतात. म्हटलं, संपलं. सुलाबाईला कळलं. तिच्या लेकीलाही कळलं. मी पिशवी सांभाळत घरापर्यंत पळत गेले.

आई उंबऱ्यावर बसून पाय चोळत होती. मी विचारलं, "आई, बाई काय म्हणाल्या?" तर आईचं आपलं पहिल्यापासून. मध्ये तोडलं की पुन्हा पहिल्यापासून. तर तिनं सांगितलं तसंच लिहिते, मधलं तुम्हाला माहीत असलं तरी.

तुम्ही आत आलात आणि धुरळ्यानं असा ठसका लागला की सुलाबाईच्या लेकीनं स्वतःचं फडकं सोडून तुमच्या नाकाला बांधलं. पांढरं पातळ नेसून तुम्ही तशाच आईसमोर गोणपाटावर बसलात. विचारलंत, "नावाड्यानं पोरीला काय दिलं?" आई म्हणाली, "सोताच्या पायातलं जोडं. तिला मोटं व्हत व्हतं म्हनून तिनं आत लोकर कोंबली." मग आईला राहवेना. तिनं पहिल्या प्रकरणापासून सुरू केलं. जिथं ती चुकायची तिथं सुलाबाई सांगायची, सुलाबाई चुकली तर लेक, आणि तिघी चुकल्या तर भरमू. तुम्ही मध्ये एकदाही टोकलं नाहीत म्हणे. चष्मा तेवढा तीनदा पुसलात.

आणि शेवट आला. दार उघडलं, पाय शेकले, भाकरी वाढली. तेव्हा सुलाबाईनं तुम्हाला विचारलं. आईनं तिची नक्कल करून दाखवली मला. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमच्या पुस्तकात बी असंच हाय न्हवं?"

आई म्हणाली, तुम्ही सुलाबाईकडं बघितलंत. तिच्या शेजारी बसलेल्या लेकीकडं बघितलंत. मग म्हणालात, "व्हय. असंच आहे. दार उघडतं."

बाई, तुम्ही 'व्हय' म्हणालात! जन्मभर आम्हाला 'होय म्हणा' म्हणून रागावणाऱ्या तुम्ही.

पण आमची आई कुठं ऐकून गप्प बसणारी? ती म्हणाली, "असंच हाय तर मग माज्या पोरीला शून्य का दिलंसा? पोरगी तवापास्नं कालिजची पायरी चडली न्हाय. अकरा वरसं झाली." सुलाबाईनं तिला ढोसलं, आगं बाईमाणसाला असं विचारत्यात व्हय. आई म्हणाली, विचारत्यात.

आणि तुम्ही फडकं खाली करून सगळ्यांदेखत सांगितलंत, "तानीबाई, चूक माझी झाली. पोरीनं बरोबर लिहिलं होतं. मीच नीट वाचलं नव्हतं."

हे आईनं सांगितलं तेव्हा मी तिथंच उंबऱ्यावर फतकल मारली आणि रडले, चांगली मोठ्यानं. आमचे हे आतून धावत आले, कोण गेलं म्हणून. कुणी नाही हो, म्हटलं, कुणी गेलं नाही. अकरा वर्षं उरावर धोंडा होता, तो उतरला. तुम्ही त्या शेवटासाठी मला वर्गाबाहेर जाऊ दिलंत, आणि त्याच शेवटासाठी सुलाबाईसमोर स्वतःला चुकीचं ठरवून घेतलंत. मला पटवायचं होतं एवढंच की मी वाचलं होतं. तुम्ही त्याच्या कितीतरी पुढं गेलात. आता माझं काही म्हणणं राहिलं नाही.

आईची मान आज अशी ताठ आहे की बघवत नाही. गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगतेय, "कालिजच्या बाईनं चूक मान्य केली." जयाबाई किराणावालीला तर दोनदा सांगितलं.

पुस्तक आईकडं ठेवून गेलात, ते मिळालं. तेच हिरवं, तीच सही, आणि खाली आता तुमची सही आणि माझं नाव. परत करणार नाही म्हटलं तर रागावू नका. एप्रिलात परीक्षा आहे. पेपरात मी पुस्तकातलं लिहीन, तुमची शपथ. वखारीत मात्र वखारीतलंच चालू राहणार.

काल आईनं हात धुऊन, पदराला पुसून पुस्तक मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. पानं उलटली, वास घेतला. मग मला म्हणाली, "गंगे, ते दार उघडल्यालं कुटं लिवलंय गं? दाव मला."

मी शेवटचं पान काढलं. तिचं बोट धरलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे बघ," म्हटलं, "इथं."

आईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुस्तक मिटून फडक्यात बांधलं आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या वेळी येताना आधी कळवा. तुम्ही यायच्या आत दार उघडून बसेन.

तुमचीच,
गंगव्वा